विश्लेषण : रोही मारण्याचा परवाना मिळतो, तरी शिवारातली जागल का संपत नाही?

मृगाचा पाऊस झाला, पेरणी उरकली आणि सोयाबीनने जमीन फोडली, की मंगरूळपीर तालुक्यात राखणीचा हंगाम सुरू होतो. दोन-चार पानांवर आलेले सोयाबीन म्हणजे काळविटांसाठी आणि रोह्यांसाठी कोवळा चारा. रात्री कळप धुरा ओलांडून आत आला तर सकाळी शेंडे खुडलेल्या ओळी दिसतात. दुबार पेरणीला बियाणे आणायचे तर पहिल्याचीच उधारी बाकी असते. पुढे तुरीला शेंगा धरल्या की रोही, हरभरा घाट्यावर आला की हरणे, आणि वर्षभर रानडुकरे. म्हणजे जून ते फेब्रुवारी रात्री शेतात माणूस लागतो.

मग दरवर्षी पारावर तोच विषय निघतो. ‘परवानगी काढून मारता येते म्हणतात, खरे का?’ खरे आहे, पण काही प्राण्यांपुरतेच. आणि परवानगी मिळणे व ती कामी येणे यात मोठे अंतर आहे. अमेरिकेत हरणाच्या शिकारीचे परवाने सोडतीने वाटतात आणि तिथले शिकारी नंबर लागत नाही म्हणून वैतागतात. वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा वैताग वेगळा आहे. तो समजून घ्यायचा तर आधी कायदा पाहावा लागतो.

कोणता प्राणी मारता येतो आणि कोणता नाही?

गावात आपण सगळ्यांनाच ‘हरणं’ म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. वाशीम जिल्ह्यात पिकाचे नुकसान करणारे मुख्य तीन प्राणी आहेत : काळवीट, रोही म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर. यातले काळवीट आणि रोही हे खरे तर हरीण कुळातले नाहीत. चितळ-सांबराची शिंगे दरवर्षी झडतात आणि नवी येतात, काळविटाची आणि रोह्याची शिंगे जन्मभर तीच राहतात. नीलगाय ही गायही नाही. बिहारमध्ये तिला ‘घोडपरास’ म्हणतात आणि आपल्या वऱ्हाडात ‘रोही’. हे नाव एका अर्थी बरे, कारण नावात गाय असल्याने उत्तरेत जो भावनेचा प्रश्न उभा राहतो तो इथे तेवढा राहत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पिकाच्या नुकसानीसाठी मारण्याची परवानगी कोणीच देऊ शकत नाही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक तसा आदेश काढू शकतात. काळवीट माणसाच्या जिवावर उठत नाही. त्यामुळे त्याच्याबाबत हा दरवाजा बंदच आहे. विनापरवाना मारल्यास किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. १९९८ मधल्या जोधपूरच्या काळवीट प्रकरणात अभिनेता सलमान खानला २०१८ मध्ये स्थानिक न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याने अपील केले, हे सर्वांना ठाऊक आहे. शेतकऱ्याला लागणारे कलमही तेच आहे.

रोही आणि रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतल्या प्राण्याने माणसाला किंवा मालमत्तेला धोका निर्माण केला, तर त्याची शिकार करण्याची लेखी परवानगी कलम ११ खाली देता येते. आणि ‘मालमत्ता’ या शब्दात उभे पीकही येते, असे कायद्यातच लिहिले आहे. परवान्याची सगळी गोष्ट या एका ओळीवर उभी आहे.

भारतात शिकारीचा हंगाम कधी होता का?

होता, आणि तो आपण समजतो त्यापेक्षा बराच उशिरापर्यंत कायद्यात होता. ‘१९७२ ला शिकार बंद झाली’ हे वाक्य शाळेपासून ऐकलेले असते. प्रत्यक्षात १९७२ च्या मूळ कायद्यात शिकारीच्या परवान्यांचे वेगवेगळे प्रकार होते : विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार, आणि प्राणी पकडण्याचा परवाना. शिकारीला बंद असलेला काळ जाहीर करण्याची तरतूद होती. माद्या आणि पिल्ले मारू नयेत असा नियम होता. म्हणजे अमेरिकेत आज जी रचना आहे तिचा सांगाडा आपल्याही कायद्यात होता. १९९१ च्या दुरुस्तीने ही सगळी कलमे काढून टाकली आणि हौशी शिकार पूर्ण संपली. उरली ती फक्त कलम ११ ची अपवादाची परवानगी. तिला हंगाम नाही आणि कोटाही नाही.

परवाना मिळवायचा कसा?

महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये शासन निर्णय काढून रोही आणि रानडुकराबाबतचे अधिकार तालुका पातळीवर, म्हणजे वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणले. त्याआधी अर्ज वरपर्यंत जायचा, आणि तोवर पीक कापणीला यायचे. नुकसान झालेल्या शेतकऱ्याने वनक्षेत्रपालाकडे अर्ज करायचा. त्यावर २४ तासांत निर्णय व्हावा आणि तसा न झाल्यास परवानगी मिळाली असे समजावे, अशी त्यात तरतूद ठेवली गेली. कागदावर पाहिले तर देशातल्या सोप्या पद्धतींपैकी ही एक म्हणावी लागेल.

तरीही ‘समजावे’ या शब्दाने काम भागत नाही. २४ तास उलटले, उत्तर आले नाही, शेतकऱ्याने रोही मारला आणि दुसऱ्या दिवशी कोणी तक्रार केली, तर हातात दाखवायला काय असते? अर्जाची पोच. ती पोच शिक्क्यानिशी आणि वेळेसह घेतली नसेल तर तेही नाही. वन्यजीव गुन्ह्यात अडकण्याची भीती इतकी खरी आहे, की लेखी परवाना हाती असल्याशिवाय कोणी शहाणा माणूस बंदुकीला हात लावत नाही. आणि ते बरोबरच आहे.

मिळालेला परवाना वापरता का येत नाही?

खरी अडचण इथून सुरू होते. परवाना म्हणजे मारण्याची मुभा. मारायचे कशाने, हे शेतकऱ्याने पाहायचे. फास, विष, गावठी बॉम्ब, तारेत सोडलेली वीज यांपैकी काहीही चालत नाही. परवान्याची बंदूक लागते.

किती शेतकऱ्यांकडे बंदूक आहे? १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना शेतकऱ्याची ही गरज ठाऊक होती. पण बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून येतो. त्याला पोलीस अहवाल लागतो, मुदत संपली की नूतनीकरण लागते, आणि हे सगळे वनविभागाच्या २४ तासांच्या वेगाने चालत नाही. रानडुकराच्या परवान्यासाठी एका कार्यालयात जायचे आणि बंदुकीच्या परवान्यासाठी दुसऱ्या, अशी ही विभागणी आहे. दोन्ही कागद एकाच वेळी ताजे असणे हाच योगायोग.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितले जाते. सूट हवी असेल तर छाननी समितीपुढे जावे लागते. २०२४ चे उदाहरण घ्या. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. वाशीम जिल्ह्यात हाच काळ सोयाबीनच्या काढणीचा आणि हरभऱ्याच्या पेरणीचा. त्याच वर्षी उन्हाळ्यात लोकसभेसाठीही हेच झाले होते. रानडुकराला आचारसंहिता कळत नाही, हा विनोद गावोगाव ऐकायला मिळतो. पण अडचण खरी आहे.

बंदूक आहे असे धरू. पूर्ण वाढलेला रोही नर दोनशे किलोच्या वर जातो. जुन्या ठासणीच्या किंवा छर्ऱ्याच्या बंदुकीने तो जागीच पडेल याची खात्री नसते. जखमी जनावर पळते आणि दुसऱ्याच्या शेतात किंवा जंगलाच्या हद्दीत जाऊन पडते. परवाना मात्र ज्या शेतात नुकसान झाले त्यापुरता. शिवाय हे प्राणी येतात रात्री, आणि त्याच रात्री शेजारच्या चार वावरांत चार माणसे जागलीला बसलेली असतात. अंधारात झाडलेली गोळी कुठवर जाईल, हे कोणी सांगू शकत नाही. जाणते शेतकरी परवान्याच्या मागे लागत नाहीत यामागे हेही एक कारण आहे, आणि सरकारी चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

मारल्यानंतरही काम संपत नाही. परवान्याने मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. वनविभागाला कळवायचे, पंचनामा करायचा, आणि मृत जनावराची विल्हेवाट त्यांच्यासमोर लावायची. मांस खाणे, वाटणे, विकणे हा गुन्हा. म्हणजे खर्च शेतकऱ्याचा, धोका शेतकऱ्याचा, आणि हाती काही नाही. एक डुक्कर कमी झाले एवढेच. रानडुकराची मादी एका वेळी चार-सहा पिल्ले देते, हे लक्षात घेतले तर तेवढेही नाही.

अमेरिकेत सोडत का काढतात?

तिथे उलटे चित्र आहे. अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा हंगाम ठरलेला असतो. राज्याचा वन्यजीव विभाग कळपांची गणती करून यंदा कोणत्या भागात किती नर आणि किती माद्या मारता येतील हे ठरवतो आणि तेवढेच ‘टॅग’ काढतो. पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत पांढऱ्या शेपटीची हरणे इतकी आहेत, की टॅग दुकानात सहज मिळतो. पश्चिमेकडच्या राज्यांत मात्र मागणी जास्त आणि टॅग कमी, म्हणून सोडत. ज्याचा नंबर लागला नाही त्याला काही राज्ये गुण देतात. ते साठत जातात आणि पुढच्या वर्षी संधी वाढते. चांगल्या भागातल्या टॅगसाठी दहा-पंधरा वर्षे अर्ज भरणारी माणसे आहेत. तयारी मात्र दरवर्षी करायची : नेम साधायचा सराव, माग काढणे, मचाण बांधणे, आणि मग निकालात नाव नसते. त्यांचा राग त्यावर असतो.

पण तिथे शिकारी मांस घरी नेतो. परवान्याचे पैसे वन्यजीव विभागाला मिळतात. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसाही वन्यजीव संवर्धनाला जातो. शिकाऱ्याला हरीण हवे असते आणि सरकारला शिकारी हवा असतो. आपल्याकडे शेतकऱ्याला रोही मारायची हौस नाही. त्याला पीक हवे आहे. म्हणून अमेरिकेसारखे परवाने काढा, ही अधूनमधून होणारी मागणी ऐकायला सोपी असली तरी इथे लागू पडत नाही.

यातली मजेची गोष्ट अशी, की आपला रोही आणि आपले काळवीट दोन्ही आज टेक्सासमध्ये आहेत. १९२० च्या दशकापासून दक्षिण टेक्सासच्या किंग रँचवर नीलगायी सोडल्या गेल्या, आणि काळवीट १९३० च्या दशकात. खासगी कुरणांवर त्यांना परदेशी प्राणी मानतात, त्यामुळे शिकारीला बंद हंगाम नाही. लोक पैसे मोजून मारायला जातात. काही सरकारी अभयारण्यांत मात्र नीलगायीच्या शिकारीचे परवाने सोडतीने दिले जातात. मंगरूळपीरच्या शिवारात जो प्राणी फुकटात पिकावर येतो, त्याच्यासाठी तिथे चिठ्ठी काढतात.

बाकीच्या ठिकाणी काय झाले?

महाराष्ट्रात २०१५ च्या निर्णयानंतर चंद्रपूर जिल्ह्यात बाहेरून नेमबाज बोलावून रानडुकरे मारण्यात आली. २०१६ मध्ये ५३ रानडुकरे मारल्याची बातमी आली आणि केंद्रातल्याच दोन मंत्र्यांमध्ये, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांच्यात, जाहीर वाद झाला. त्याच सुमारास बिहारमध्ये केंद्राने नीलगाय आणि रानडुक्कर ठरावीक जिल्ह्यांसाठी, ठरावीक मुदतीपुरते ‘उपद्रवी’ जाहीर केले होते. मोकामाच्या टाल भागात दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या. उपद्रवी जाहीर झाल्यावर प्रत्येक प्राण्यासाठी परवाना लागत नाही. पण तो अधिकार केंद्राचा आहे, आणि मुदत संपली की पुन्हा पहिले पाढे.

केरळने २०२२ मध्ये वेगळी वाट घेतली. रानडुकराला मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार ग्रामपंचायत अध्यक्षांना दिले आणि नेमबाजांची यादी तयार ठेवली. शेतकऱ्याने बंदूक शोधत फिरायचे नाही, पंचायतीने शोधायची. महाराष्ट्राच्या पद्धतीत हीच कडी गळली आहे. परवाना देणारा आहे, मारणारा नाही.

काळविटांच्या बाबतीत मध्य प्रदेशने केलेला प्रयोग वाशीमने नीट पाहावा असा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये शाजापूर भागात हेलिकॉप्टरच्या मदतीने कळपांना नरसाळ्याच्या आकाराच्या आडोशात हाकलत आणले. दक्षिण आफ्रिकेच्या तज्ज्ञांच्या मदतीने दहाएक दिवसांत ८४६ काळवीट आणि ६७ नीलगायी पकडून अभयारण्यांत सोडल्या. गोळी न झाडता. खर्चिक काम आहे आणि सोडलेल्या जागी चारा-पाणी नसेल तर निरुपयोगीही. पण पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत कायद्यात बसणारा हा एक मार्ग आहे. वाशीम जिल्ह्यात तर कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठीच राखलेले अभयारण्य आहे, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे. एवढ्याशा जागेत कळप मावत नाहीत आणि अभयारण्याला भिंत नसते.

ही जनावरे शेतात का येतात?

‘जंगल तोडले म्हणून’ हे ठरलेले उत्तर इथे पुरत नाही. काळवीट हा दाट जंगलातला प्राणी नाहीच. त्याला मोकळे गवताळ माळ लागते. वाशीम-अकोल्याकडे असे माळ होते, ते गायरानात आणि ई-क्लास जमिनीत. महसुली कागदावर अशी जमीन ‘पडीक’ धरली जाते, म्हणून ती कुठे अतिक्रमणात गेली, कुठे प्रकल्पात, कुठे खड्डे खोदून केलेल्या वृक्षलागवडीत. गवताच्या माळावर झाडे लावणे हेही काळविटाच्या दृष्टीने माळ संपवणेच आहे. माळ गेले आणि त्या जागी आले सोयाबीन. काळवीट तिथेच राहिले. समृद्धी महामार्गही याच भागातून, काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळच्या परिसरातून जातो. त्यावर वन्यप्राण्यांसाठी ओलांडण्याचे मार्ग ठेवले आहेत. तरी पूर्वीसारखी सरळ वाट कळपांना राहिलेली नाही.

आणखी एक धागा सहसा विसरला जातो. या भागातला फासेपारधी समाज पिढ्यान्‌पिढ्या हरणांची शिकार करून जगला. इंग्रजांनी जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत पारधीही होते. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र राहिला. १९७२ नंतर त्यांची शिकार बेकायदा झाली. ज्यांना माळ आणि कळप सर्वांत जास्त ठाऊक होते त्यांना बाजूला ठेवून माळाचे आणि कळपांचे व्यवस्थापन ठरवले गेले. ‘संवेदना’ ही संस्था याच समाजाला बरोबर घेऊन अकोला-वाशीम भागात तणमोर आणि गवताळ माळ वाचवण्याचे काम करते आहे. परवान्याच्या चर्चेपेक्षा त्या कामात शेतकऱ्याच्या उपयोगाचे जास्त आहे, कारण जिथे गवत परत येते तिथे कळपाला शेताबाहेर थांबायला जागा मिळते.

मग कुंपणाचे काय?

आपल्याकडची सोडत इथे होती. कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरले आणि लॉटरीची वाट पाहिली. २०२५ मध्ये ती लॉटरी बंद होऊन ‘आधी अर्ज, आधी प्राधान्य’ अशी पद्धत आली. नशिबाची जागा वेगाने घेतली इतकेच. ज्याच्या मोबाइलला रेंज आहे, ज्याचा शेतकरी ओळख क्रमांक तयार आहे, तो पुढे. ज्याचे नाव सातबाऱ्यावर आईच्या हयातीपासून अडकले आहे तो मागे.

वनविभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांपैकी कमी असेल ते अनुदान मिळते. योजना २०१५ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या बफरमधल्या गावांसाठी सुरू झाली आणि नंतर वाढवत नेली. तरी गाव यादीत असावे लागते. अभयारण्यापासून दूर, पण कळपांच्या वाटेवर असलेल्या गावांची अडचण इथे होते. मंगरूळपीर तालुक्यात अशी गावे आहेत.

कुंपणाचा गुण असा, की ते चालते. ‘झटका मशीन’ बॅटरीवर क्षणभराचा जोराचा झटका देते. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. फक्त देखभाल हवी. पावसाळ्यात गवत तारेला टेकले की झटका जमिनीत जातो. रानडुकरासाठी खालची तार जमिनीलगत लागते आणि रोह्यासाठी वरची उंच. फक्त एकच उंची धरून केलेले कुंपण दोघांपैकी एकाला आत सोडते.

आणि दोष असा, की एकट्याचे कुंपण त्रास हलवते, कमी करत नाही. दहा एकरवाल्याने तार ओढली की कळप त्याच रात्री शेजारच्या दोन एकरवाल्याकडे वळतो, ज्याने धुऱ्यावर जुन्या साड्या बांधल्या आहेत. परवाना असो, लॉटरी असो, अनुदान असो, सगळे सातबाऱ्यागणिक एकेकाला मिळते. कळप मात्र अख्ख्या शिवारातून फिरतो. काही गावांनी वर्गणी काढून नाल्याच्या किंवा ई-क्लासच्या बाजूने एकच लांब कुंपण केले तिथे खर्च वाटून जातो आणि देखभालीला माणूसही ठेवता येतो. अनुदानाचे अर्ज मात्र अजून तसे भरता येत नाहीत. मागणी करायचीच असेल तर ग्रामसभेने ही करावी.

एक गोष्ट कोणत्याही स्थितीत करू नये. कुंपणात थेट विजेच्या खांबावरचा प्रवाह सोडू नये. विदर्भात अशा तारांनी वाघ-बिबटे मेले आहेत आणि शेतकरी, सालगडी, पहाटे दूध काढायला निघालेली माणसेही मेली आहेत. त्यात वन्यजीव कायदा, वीजचोरी आणि माणूस मेल्यास मनुष्यवधाचा गुन्हा, असे तिन्ही लागतात.

पेरणीआधी काय तयार ठेवावे?

नुकसानभरपाईसाठी घटना घडल्यापासून तीन दिवसांत वनविभागाकडे अर्ज जायला हवा. पंचनाम्याला वन, महसूल आणि कृषी अशा तिन्ही खात्यांची माणसे लागतात. त्यामुळे अर्ज उशिरा गेला की पुढचे सगळे घसरते. ई-पीक पाहणीची नोंद पेरणीनंतर लगेच करावी. सातबाऱ्यावर पीकच दिसत नसेल तर नुकसान कशाचे, हा प्रश्न हमखास येतो. पायाचे ठसे, लेंड्या, खाल्लेल्या ओळी यांचे फोटो दिवस आणि ठिकाण दिसेल असे काढावेत. रोही एकाच जागी लेंड्यांचा ढीग करतो. त्याचा फोटो पंचनाम्यात प्राणी ओळखायला उपयोगी पडतो. काळविटाने केलेल्या नुकसानीला मारण्याचा परवाना नाही, पण भरपाई आहे. हे अनेकांना ठाऊक नसते आणि अर्जच केला जात नाही.

रोही किंवा डुकराच्या परवान्यासाठी अर्ज करायचाच असेल तर ग्रामपंचायतीत सगळ्यांनी मिळून बसावे. कोणाकडे चालू परवान्याची बंदूक आहे, त्याची मुदत कधी संपते, निवडणूक जवळ आहे का, हे आधी पाहावे. अर्जाची पोच तारीख-वेळेसह घ्यावी.

पीक विम्यातही बदल आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान खरीप २०२६ पासून स्थानिक आपत्तीच्या जोड संरक्षणात धरले जाईल. नुकसानीची माहिती ७२ तासांत, फोटोसह, विम्याच्या ॲपवर द्यायची आहे. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे किंवा विमा घटक त्यात बसणार, हे मात्र राज्याने ठरवायचे आहे. वाशीमच्या यादीत रोही आणि रानडुकराबरोबर काळविटाचे नाव आहे का, हे विम्याचा हप्ता भरण्याआधी कृषी सहायकाला विचारून घ्यावे.